दारातल्या चपला

प्रिय प्रेमिला,

माझ्या एका खोट्यापायी बाबांना शेवटी लेक दिसली नाही, तुला बाप दिसला नाही, आणि नऊ राख्यांना माझं मनगट रिकामं राहिलं.

तू ख्रिस्ती झालीस म्हणून मी तुला फाटकातच सांगितलं, "बाबाले तुह्यं तोंड पाहायचं नाही." आत शेवटच्या घटका मोजत ते तुलाच हाका मारत होते.

हातमागावर बसणाऱ्या विणकराचा पोरगा मी, हिंगण्यात वर्कशॉप उभं केलं. नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड सांगतो, कोणाच्या बापाला भीत नाही. म्हणून रविवारी सगळं कबूल करायला तुझ्या सक्करदऱ्याच्या प्रार्थनाघरी आलो. दारात चपला काढल्या, तेवढ्यात आतून तुझा आवाज आला.

"प्रभू, बाबा मले हाका मारून राहिले होते, मी फाटकातूनच ऐकलं. तरी माह्या तारादादाले माफ कर. त्याच्यावर माह्याहून जास्त प्रेम कर."

म्हणजे नऊ वर्षं तुला माहीत होतं! शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहिलो असतो वं. एवढं प्रेम ऐकून मला उंबरा ओलांडवला नाही. आता तुझ्यासमोर यायचं नुसतं मनात आलं तरी मी भितो.

प्रार्थनेनंतर दारात एक जोड उरला असेल, तो माझा आहे. मी अनवाणी पळालो.

तुझा,
तारादादा