बाबाचा खांब

बांधपाडा, ता. तलासरी
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय वेणूताईस,

जीवनचा प्रभूच्या नावात सलाम. वि. वि. इकडे सर्व खुशाल आहेत, एक बाबा सोडून. फोनच केला असता, पण बाबा दारात खाट टाकून बसलेला असतो. एरवी ढोल वाजवला तरी त्याला ऐकू येत नाही, आणि मी फोनवर हळू बोललेलं मात्र शब्दन्‌शब्द ऐकू येतं. म्हणून हे पत्र कल्पिताताईच्या टोपलीतून धाडतो आहे. ती तलासरीच्या बाजारात सुकी मासळी विकून घोलवडला परत येते तेव्हा तुझ्याकडे देईल. बोंबलाचा वास आला तर तिला बोल, मला नको.

आपलं चर्च पडलं हे तुला ठाऊकच आहे. रस्ता रुंद करायचा म्हणून जेसीबी आला. भिंती अर्ध्या तासात गेल्या. मंडळी रडत होती, पाळकसाहेब प्रार्थना करत होते. माप चुकलं म्हणून बाबाने मधोमध बांधलेल्या त्या खांबाने मात्र जेसीबीला दुपारपर्यंत दमवलं. ड्रायव्हर दोनदा खाली उतरून पाणी प्यायला. शेवटी खांब आडवा झाला तेव्हा मंडळीतल्या चैत्याच्या तोंडून निघून गेलं, की सुटलो एकदाचे, आता पाळकांचं तोंड दिसेल. रडता रडता सगळे हसले. बाबा तीस पावलांवर उभा होता, आणि नेमकं तेवढंच त्याने ऐकलं.

त्या दिवसापासून तो उपासनेला येत नाही. आता दर रविवारी आम्ही दिपकच्या गवताच्या शेडमध्ये जमतो. गवताच्या गठड्यांवर बसायला मऊ लागतं, पण प्रार्थनेत इतक्या शिंका येतात की आमेन कुठे म्हणायचं ते कळत नाही.

आणि ताई, गंमत ऐक. शेडमध्ये मध्ये काहीच नाही, मोकळी जमीन आहे. तरी सगळे जुन्याच जागी बसतात आणि मध्ये खांबापुरती जागा सोडतात. दानाची थाळी घेऊन सुनिल तिथे आला की वळसा घालतो. जिवली आत्या तर सदतीस वर्षं खांबामागे बसून उपदेशात झोपत आली, ती आताही तिथेच बसते आणि उघड्यावर घोरते. पाळकसाहेबांना पहिल्यांदाच कळलं की ती डोळे मिटून मनन करत नव्हती.

हे सगळं मी बाबाला सांगितलं, पण त्याला वाटतं मी त्याची समजूत काढतो आहे. दिपकने शेडमागची जागा नव्या चर्चला दिली आहे. सात डिसेंबरला पाया आखायचा आहे. पहिली दोरी सर्वांत जुन्या मिस्त्रीने, म्हणजे बाबाने, धरावी असं मंडळीने ठरवलं. बाबा म्हणतो, ज्याच्या हातून एकदा माप चुकलं त्याला कशाला बोलावता. त्याचं जेवण अर्ध्यावर आलं आहे. नवं चर्च त्याच्याविना उभं राहिलं तर तो त्यात कधीच पाय ठेवणार नाही, हे तुलाही कळतं. तू काहीतरी लिही. तुझं तो ऐकतो. भावोजींना सलाम.

तुझा भाऊ,
जीवन


घोलवड
२० नोव्हेंबर २०२५

चि. जीवन यास,

वेणूताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पावलं. वास बोंबलाचा नव्हता, जवळ्याचा होता. चिकूची खोकी भरता भरता वाचलं, इथल्या पॅकिंगच्या शेडमधल्या बायका नाकाला पदर लावून विचारत होत्या, माहेरून काय आलं म्हणून.

जिवली आत्याचं वाचून इतकं हसले की दोन चिकू पायाखाली चिरडले. मग बाबाचं वाचलं आणि हसू गेलं. जीवन, आता तुला एक सांगते. सदतीस वर्षं पोटात ठेवलेलं आहे.

तुझा जन्मही झाला नव्हता, मी बारा वर्षांची होते. चर्चच्या छपराची सागाची तुळई आणायला बाबा मला लाकडाच्या वखारीत घेऊन गेला. तिथे तो वखारवाल्याशी भांडायला लागला, लाकूड ओलं की सुकं यावरून. भांडता भांडताच मला म्हणाला, चौदा हात मोज आणि खूण कर. मी मोजले. अगदी मन लावून मोजले, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, चौदा हात. पण माझे हात! बाबाचा हात केवढा आणि माझा केवढा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. करवत्याने खुणेवर कापलं. चर्चमध्ये तुळई चढवली तर सव्वादोन हात कमी. मग दोन्ही टोकं भिंतींवर नीट बसावीत म्हणून तुळई मध्ये कापून तिथे तुकडा जोडला, आणि जोड खाली येऊ नये म्हणून त्याखाली खांब बांधला, ऐन मधोमध.

सगळ्यांनी विचारलं, मिस्त्री, माप कोणी घेतलं? बाबा म्हणाला, मी. मला वाटलं, तो भांडणाच्या नादात विसरला आणि खरंच त्याला तसं वाटतं. मी घाबरून गप्प बसले. पुढे सांगेन म्हटलं, ते आजपर्यंत राहिलं. दर नाताळला त्या खांबावरून बाबाची थट्टा व्हायची आणि मी भात वाढत हसायचे. मला माझीच लाज वाटते.

हे त्याला वाचून दाखव. पण एकट्याला, घरात, दार लावून आणि हळू आवाजात. पाड्यात कोणाला कळता कामा नये. निदान जिवली आत्याला तरी नाहीच.

ताई


बांधपाडा
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताईस,

सलाम वि. वि. तू सांगितलंस तसं केलं. बाबाला घरात घेतलं, दार लावलं, हळू वाचलं. बाबा म्हणाला, काय? जरा मोठ्याने वाचलं. बाबा म्हणाला, चिकूचं काय झालं? मग मला ओरडावं लागलं, ताई. ‘माझे हात’ इथे आलो तेव्हा बाहेर कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या होत्या. दार उघडलं तर अंगणात अर्धी मंडळी उभी, सर्वांत पुढे जिवली आत्या. दार मी लावलं होतं, भिंती कुडाच्या आहेत हे दोघंही विसरलो.

बाबा उठून शेळ्या सोडायला गेला. मला वाटलं, झालं, होतं तेही बिघडलं. पण काल सकाळी डोकं धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून निघाला आणि माझ्याआधी दिपकच्या शेडमध्ये पोचला. दारात उभा राहून बघत राहिला. सुनिल थाळी घेऊन आला आणि मोकळ्या जमिनीला वळसा घालून गेला. मागून दोन बायका आल्या, त्याही वळल्या. चैत्यासुद्धा वळला, आणि बाबाला बघून शरमला. बाबाचे डोळे भरून आले. मी विचारलं तर म्हणाला, गवताचा त्रास होतो.

उपासना संपल्यावर जिवली आत्याने उभं राहून मागणी केली, की नव्या चर्चमध्येही मधोमध खांब पाहिजे. पाळकसाहेब म्हणाले, लोखंडी छपराला खांब लागत नाही. ती म्हणाली, छपराला नको, मला पाहिजे. हात वर करायला सांगितलं तर सगळेच वर. इंजिनीअरला फोन लावला, तो तीनदा विचारत होता की खांब काढायचा आहे की घालायचा. शेवटी निर्णय बाबावर सोडला आहे. तो काय म्हणाला ते खाली त्याच्याच तोंडून लिहितो. मध्ये बोललो तर काठी उगारतो.

जीवन


चि. वेणूस,

तुझ्या बाबाचे, सुक्या मिस्त्रीचे, आशीर्वाद. जीवन लिहितो आहे, मी सांगतो आहे.

पोरी, मी मिस्त्री आहे. तुळई कापून हातात आली तेव्हाच मी खूण बघितली. ती पांढऱ्या खडूची होती. मी आयुष्यभर कोळशाने खूण केली. खडू फक्त तुझ्या दप्तरात होता. बारा वर्षांच्या पोरीला सगळ्या मंडळीने हसायचं होय? माझी पाठ रुंद होती. मला वाटायचं, तू विसरलीस, म्हणून मी बोललो नाही. तू इतकी वर्षं ओझं वाहत होतीस हे कळलं असतं तर केव्हाच हाक मारून सांगितलं असतं.

माझा रुसवा खांबावरून नव्हता. आपलं कोणालाच काही नको होतं, असं वाटलं. काल बघितलं. आता बरं आहे. भात दोनदा घेतो.

नवा खांब बांधायचा नाही. जुना चुकून आला होता, मुद्दाम कसा आणायचा? जिवलीला मागे भिंतीशी जागा देऊ, तिथे अंधारही बरा आहे.

सात तारखेला पाया आहे. दोरी मी धरतो, पण माझं कोपर आता सरळ होत नाही, हात आखडला आहे. तुझा मात्र पुरा वाढला. इंजिनीअर त्याची टेप घेऊन येईल, येऊ दे. त्याच्याआधी माप तू घ्यायचं, तुझ्याच हाताने, सगळ्यांसमोर. जावयाला घेऊन ये. असाच जीव लावत राहा.

तुझा बाबा

ता. क. खडू आण.