शेजारच्या खुर्चीचे मत

प्रिय ताई,

तू सुचवलेला तो फ्रेंच चित्रपट पाहिला. एकदा नव्हे, तीनदा पाहिला, आणि तरीही तो मला आवडला की नाही, हे सांगता येत नाही. रविवारी मला त्याचे उत्तर द्यायचे आहे. कोणाला, ते ओघाने येईलच. हसू नकोस. उत्तरपत्रिकेत कधीही कोरी जागा न सोडणारी तुझी बहीण या एका प्रश्नापुढे पेन चावत बसली आहे.

पहिल्यांदा गेले ते मामाबरोबर. तू ‘इतकं सुंदर काही पाहिलंच नाही’ असे म्हणाली होतीस, ते मत मी डब्यासारखे बरोबर नेले होते. दिवे मालवले आणि थोड्याच वेळात मामाने विचारले, ‘हे बोलायला कधी लागणार?’ ते कधीच बोलायला लागत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. हॉटेलची ती विधवा मालकीण खोलीचे भाडे गाऊन सांगते, मुक्कामाला आलेला घड्याळजी मीठ गाऊन मागतो, आणि ‘उद्या निघतो, उद्या निघतो’ असे गात जवळजवळ चार तास तिथेच राहतो. मध्यंतरात मामा म्हणाला, ‘अगं, एवढ्या वेळात माणूस लग्न करून, भांडून, परत नांदायलाही लागेल. हा अजून मीठच मागतोय!’ मला इतके हसू आले की त्या हसण्यात तुझे मत कुठेतरी सांडून गेले. घरी येऊन मीही आईला सांगितले, की नुसते चऱ्हाट आहे.

दुसऱ्यांदा आमच्या ग्रंथालयातल्या मोठ्या बाई मला घेऊन गेल्या. सारे आयुष्य ‘शांतता राखा’ या पाटीखाली काढलेल्या बाई पहिल्याच गाण्याला रुमाल काढून बसल्या. संपल्यावर जिन्यात थांबून म्हणाल्या, ‘ज्याला बोलता येत नाही, तोच गातो गं. तुला नाही वाटलं तसं?’ मला अगदी तसेच वाटले होते. म्हणजे, त्यांनी म्हटल्यानंतर, मला तसे वाटले होते असे आठवले.

पुढे व्हायचे तेच झाले. बाई घरी आल्या आणि नेमका मामाही टपकला. विषय निघताच मामा म्हणाला, ‘आमची पहिल्या नंबरची पोरगीसुद्धा म्हणाली, चऱ्हाट आहे म्हणून!’ बाईंनी कप खाली ठेवला. ‘मला तर म्हणाली, अंगावर काटा आला.’ दोघेही माझ्याकडे वळले. आई म्हणाली, ‘तिला काय विचारता? ताई येऊ दे, मग कळेल तिला काय वाटलं ते.’ सगळे हसले. मीही हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

तिसऱ्यांदा गेले ती चष्मेवाल्यांबरोबर. हे नाव आईने ठेवलेले. माझा चष्मा दोनदा करावा लागला, एवढेच तुला ठाऊक आहे. त्यामागचे कारण मी कोणालाच सांगितलेले नाही. डोळे तपासायला गेले तेव्हा माझी पाळी येईपर्यंत मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत पाठ करून टाकला. परीक्षा म्हटली की मला राहवत नाही. पैकीच्या पैकी मिळाले, आणि नवा चष्मा लावून घराबाहेर पडले तर पायऱ्या लाटांसारख्या हलू लागल्या. परत गेले, तेव्हा त्यांनी वेगळा तक्ता लावला. भिंगे बदलत ते विचारत राहिले, ‘आता बरं दिसतंय, की मघाशी?’ मी विचारले, ‘बरोबर कोणतं?’ ते म्हणाले, ‘ते मला कसं कळणार? डोळे तुमचे आहेत.’

त्यानंतर ते ग्रंथालयात येऊ लागले. पुस्तके वाचायला नेत होते की परत करायला, हे मला नक्की सांगता येणार नाही. चित्रपटाला ते हसले नाहीत, रडले नाहीत, त्यांनी जांभईसुद्धा दिली नाही. काही सुगावा लागेल म्हणून मी अंधारात डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडेच पाहत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, ‘कसा वाटला?’ मी सवयीने म्हटले, ‘तुम्हाला?’ तर म्हणाले, ‘आधी तुम्ही. मी सांगितलं तर तुम्हीही तेच म्हणाल. घाई नाही, रविवारी सांगा.’ ताई, मला राग आला. हा माणूस मला मान देतो आहे की माझी परीक्षा घेतो आहे? आणि परीक्षा असेल, तर हिचा तक्ता कोणत्या भिंतीवर लावलेला असतो?

एक गोष्ट मात्र तिन्ही वेळा झाली, आणि तिच्याविषयी तू, मामा, बाई, कोणीच काही बोलला नाहीत. ती मालकीण घड्याळजीच्या पलंगावर चादर घालते, तेव्हा संगीत थांबते. ती चादर झटकते, एक कोपरा खोचते, दुसरा सुटतो. मग पलंगाला वळसा घालून ती पलीकडे जाते, तोवर पहिला सुटतो. ती गात नाही. नुसती अलीकडे-पलीकडे करत राहते. मला दर वेळी उठून त्या चादरीचे दुसरे टोक धरावेसे वाटले. याला चित्रपट आवडणे म्हणतात का, मला कळत नाही. पण हे मला कोणी सांगितलेले नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. त्याच संध्याकाळी, बसथांब्यापाशी, त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्याचेही उत्तर रविवारीच द्यायचे आहे. तो कोणता, हे तू ओळखलेच असशील. आईने माझा चेहरा पाहूनच ओळखले आणि तुला शनिवारी बोलावून घेतले. मामा म्हणतो, ‘माणूस सरळ आहे, हो म्हणून टाक.’ बाई म्हणतात, ‘घाई करू नकोस.’ मला दोन्ही पटते, हीच तर पंचाईत आहे. तुझे मत एकदा का घरात आले, की ते माझेच होते असे मला वाटू लागेल; आणि ते खरोखर माझे होते का, हे पुढे जन्मभर कळणार नाही. म्हणून तू ये, पोटभर जेव, माझ्याशेजारी झोप. पण तुझ्या हातातली पिशवी खाली ठेवण्याआधीच आई विचारेल, ‘तुला काय वाटतं गं?’ तेव्हा फक्त ‘मला माहीत नाही’ असे म्हण. हे वाक्य तू जन्मात कधी उच्चारलेले नाहीस, म्हणून आधीच कळवते आहे. येताना वाटेत थोडा सराव कर.

तुझीच,
धाकटी