सोबतीचा पास

सोमवार, ३ नोव्हेंबर

चोर सोडून संन्याशाला फाशी! आज फौजदार आमच्या वॉर्डात खाटेशी खुर्ची ओढून बसला आणि मुलीलाच विचारतो — "आधीपासून ओळख होती का?"

एकोणीस वर्षांची पोर. गालावर टाके, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. गल्लीतलाच एकजण रोज डोकेदुखीची गोळी मागायला यायचा आणि लग्न कर म्हणायचा. ही नाही म्हणाली. तर शनिवारी त्यानं दुकानातच कटर चालवला. तिनं हात आडवा घातला म्हणून डोळा वाचला, पण बोटं हलवणाऱ्या नसा तुटल्या. डॉक्टरांनी जोडल्यात. हलतील की नाही, सांगता येत नाही म्हणे. आणि हा विचारतो, ओळख होती का!

मी म्हटलं, "साहेब, ओळख तर तुमची-माझीही आहे. म्हणून मी कटर घेऊन आले का?"

पोरगी टाक्यांसकट हसली. मग कळवळली. मी तिचं नाव ठसका ठेवलंय.

घरी हे म्हणाले, "येताना तोंड दवाखान्यातच ठेवून येत जा की!" यांना काय जातंय बोलायला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पोरीच्या आत्याबाई उगवल्या. पिशवीत फळं आणि तोंडात विष. "खरं सांग, तू हसली असशील त्याच्याशी." मी त्यांना दंडाला धरून जिन्यापर्यंत पोचवलं. फळं ठेवून घेतली.

भाऊ मात्र वेगळा आहे. गॅरेजात काम करतो, नखांत काळं तेल. कालपासून खाटेशेजारी उभा आहे आणि एक शब्द नाही. मी रडणाऱ्याला घाबरत नाही, शिव्या देणाऱ्यालाही नाही. गप्प माणसाला घाबरते. हल्ल्यात जखमी झालेली पंचविशीच्या आतली पोरं दवाखान्यात माझ्याकडे सोपवतात. टाके घालायला डॉक्टर आहेत. मला ठेवलंय ते यासाठीच — की आज खाटेवर एक पोर आहे, उद्या तिच्यापायी दुसरं येऊ नये. सूड घ्यायला निघतो तो बहुतेक असाच असतो. तरणा, गप्प, भाऊ नाहीतर मित्र.

आई साधी आहे बिचारी. शाळेत शिपाई. लेकीचे केस विंचरते, डोळे पुसते, "बघणारा वर बसलाय" म्हणते. तिची काळजी नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

जामीन!! त्याला जामीन मिळाला! हिच्या गालाचे टाके अजून निघाले नाहीत आणि तो घरी! फौजदाराला फोन केला तर म्हणतो, "कोर्टाचं काम आहे, मॅडम, आमच्या हातात काय?" तुमच्या हातात काय ते मला माहीत आहे — चहाचा कप. तळपायाची आग मस्तकात गेली नुसती.

सांगणं भाग होतं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ठसका भिंतीकडे वळली. भाऊ खाली जाऊन फाटकापाशी उभा राहिला, तिथं त्याचे तीन मित्र मोटारसायकली घेऊन आलेलेच. मी वरून बघत होते. माझा जीव थाऱ्यावर नाही.

आईनं तेवढं विचारलं, "म्हणजे तो घरी आलाय?"

"हो, घरीच आहे," मी म्हटलं. "इकडे फिरकणार नाही, घाबरू नका." तिनं मान हलवली आणि लेकीच्या पायावर चादर नीट केली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

भावाला कामाला लावायचं ठरवलं. दिवसभर हातात काम आणि डोळ्यांसमोर बहीण असली की माणूस सहसा वाट सोडत नाही. हा माझा आजवरचा अनुभव. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना सांगून त्याला बोटांचा व्यायाम शिकवून घेतला. एकेक बोट धरायचं, हळू वाकवायचं, सोडायचं. काय नाजूक हातानं करतो! घड्याळ दुरुस्त करावं तसं.

आणि तेवढ्यात नियमसाहेब आले. म्हणजे आमचे व्यवस्थापक. "स्त्रियांच्या वॉर्डात पुरुष सोबती नको. शिवाय एका खाटेला एकच पास. पास आईच्या नावावर आहे." पोराला बाहेर काढलं! हातात बहिणीचं बोट असताना!

मी म्हटलं, हा बाहेर गेला तर काय होईल ठाऊक आहे का तुम्हाला? तर म्हणे, "बाहेरचं बाहेर. आपला संबंध फाटकाच्या आतला."

पालथ्या घड्यावर पाणी. पण मीही काही कमी चिवट नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

भाऊ दिवसभर फाटकाबाहेर. मित्र सोबत. मी चार वेळा जिना उतरले-चढले. गुडघ्यांची वाट लागली.

ठसका म्हणाली, "जखमी मी आहे ना? मग सगळे दादाकडेच का बघताय?"

"तो काही करून बसू नये म्हणून."

"दादा? त्याला झुरळ मारवत नाही. झुरळ दिसलं की आईला हाक मारतो."

बहिणी असंच म्हणतात. मी बऱ्याच ऐकल्यात.

सोमवार, १० नोव्हेंबर

जिंकले!

वरच्या बड्या डॉक्टरीणबाईंच्या दारात ठाण मांडलं. हललेच नाही. शेवटी त्यांनीच नियमसाहेबांना बोलावून झापलं — बोटं हलली पाहिजेत तर व्यायाम करणारा हवा, आणि तो भाऊ करतोय तर भाऊ आत. खाट कडेच्या छोट्या खोलीत हलवली, म्हणजे वॉर्डातल्या बायकांना अडचण नको. साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. देवा, काय बरं वाटलं!

पास मात्र एकच. तो आता भावाच्या नावावर. आईला वाईट वाटलं असावं. म्हणाली, "मी कोपऱ्यात बसेन की. कुणाच्या मध्ये येणार नाही."

मी तिचा हात हातात घेतला. "तुमची झोप झालेली नाही, डोळे बघा कसे खोल गेलेत. घरी जा. डबा तेवढा आणत जा. इथलं मी बघते."

"तुम्ही आहात म्हणून," ती म्हणाली. भावाच्या पाठीवरून हात फिरवला. लेकीच्या गालाकडे बराच वेळ बघत राहिली. मग गेली.

आज किती दिवसांनी मला पोटभर झोप लागणार आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

करंगळी हलली! जराशीच, पण आपली आपण! भाऊ रडला, ठसका त्याला चिडवत होती, आणि मी उगाच सिस्टरवर ओरडले की पडदा नीट का लावला नाही. मित्रांना भावानंच फोन करून सांगितलं, येऊ नका म्हणून. माझ्यादेखत.

आई डबा घेऊन फाटकाशी आली होती. तिला करंगळीचं सांगितलं. "अंगठा?" म्हणाली. अंगठ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. तेही सांगितलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

फौजदाराचा फोन आला तेव्हा भाऊ माझ्यासमोरच होता, बहिणीचं बोट वाकवत. म्हणून आधी मला कळेचना, हा कुणाबद्दल बोलतोय.

आई. सकाळी त्या कटरवाल्याच्या दारात गेली. तो पायरीवर बसून दात घासत होता. मागून डोक्यात दगड घातला, दोनदा. पळाली नाही. आरडाओरडा नाही. लोक धावले तर म्हणाली, "पोलिसांना बोलवा, मी थांबते."

तो जगेल की नाही, सांगता येत नाही. त्याला आमच्याकडेच आणलंय. वय बावीस. म्हणजे माझ्याकडेच येणार.

ठसका विचारतेय, आई अजून डबा घेऊन कशी आली नाही. भावानं तिचं बोट हातातून सोडलेलं नाही. दोघंही माझ्या तोंडाकडे बघताहेत.