बाबांना मालिका सांगताना

१४ मार्च, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत, तूही असशील असं धरून चालते. माझ्या शाळेत परीक्षा सुरू झाल्यात. जिन्यातला दिवा एकदाचा दुरुस्त झाला. बाबा बरे आहेत.

हल्ली ते एक मालिका बघतात. एक गुप्तहेर आहे. फितुरीचा ठपका ठेवून त्याला खात्यातून काढलंय. आता हा पठ्ठ्या भाड्याच्या खोलीत राहून अडल्यानडल्यांच्या मदतीला धावतो. कुणा म्हातारीचं बळकावलेलं घर सोडवून देतो, कुणाच्या मागे लागलेल्या गुंडाला पिटाळून लावतो. तुला हसू येईल. मलाही येतं.

बाबांना येत नाही. तुझ्या खात्यानं तुलाही असंच काढलं, बाबांनी तुला दार बंद केलं, तेव्हापासून इथे तुझं नाव काढायची सोय नाही. आणि तेच बाबा त्या हेराची बाजू घेऊन माझ्याशी भांडतात! परवा मी मुद्दाम म्हटलं, काढलं म्हणजे काहीतरी केलंच असेल. तर जेवण अर्धवट टाकून उठले.

बघतात म्हणजे ऐकतात. हे लिहिणार नव्हते. त्यांची नजर गेल्या वर्षापासून कमी होत चाललीय. संवाद नसले की पडद्यावर काय चाललंय ते मी सांगते.

काल तो हेर आपल्या वडिलांच्या दारात जाऊन उभा राहिला. कुणीच काही बोलेना. बापानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि दार लावून घेतलं. बाबांनी विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, "आत घेतलं त्याला."

"कडी लागल्याचा आवाज आला मला," बाबा म्हणाले.

मालिका संपली, जाहिराती लागल्या, तरी ते तसेच बसून. मग हळूच म्हणाले, "निदान विचारायचं तरी, की काय झालं ते तुझ्या तोंडून सांग. मीही नाही विचारलं."

तुला पत्र लिहू का, म्हटलं. तर म्हणाले, तो कशाला येतोय. नको मात्र म्हणाले नाहीत.

गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. खिडकीपाशी, भर उजेडात, समोरच्या माणसाचा चेहरा अजून त्यांना ओळखता येतो. तेव्हा येशील ते दिवसाउजेडी ये.

दोघांच्या वतीनं,
तुझी बुटकी