नॅन डेलची पट्टी

३ मार्च १९४१, टोलेडो

घसा तसाच. काल नाचघरात वरचा सूर लागलाच नाही, नुसता वारा आला. वाजवणारे खाली बघून वाजवत राहिले. डॉक्टर म्हणतो, तीन महिने गायचं नाही. बँडचा मालक ओकली म्हणाला, "रजा-बिजा काही नको. गाण्यांची पट्टीच दोन सूर खाली आणू तुझ्यासाठी." बरं म्हटलं. हायसं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

५ मार्च

स्क्रँटनहून आईचं पत्र. दर शनिवारी शेजारणींना जमवून रेडिओवर आमचा कार्यक्रम ऐकते. "यादविगा, आवाज बसलाय तुझा. मध घेतेस ना?" नॅन डेल म्हणजे आमची यादविगाच, हे शेजारणींना अजून सांगावं लागतं म्हणे. नाव ओकलीचं. चार वर्षांपूर्वी मी आले तेव्हा त्या नावाची पोस्टरं आधीच छापून तयार होती.

मध घेते.

११ मार्च, फोर्ट वेन

आमचा पियानोवाला इर्व्ह गाणी कागदावर मांडतो. मग प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा उतरवायचा, चौदा जणांचे चौदा. माझं अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. आज पहिलं गाणं आलं. पट्टी खाली नाही — वर! चांगली दोन सूर वर.

म्हटलं, "इर्व्ह, उलटं केलंस की रे."

तो पेन्सिलीला टोक करत होता. "लिहिलंय तसं उतरव, नॅन."

"अरे, पण मला कसं—"

"माहीत आहे मला."

मग टोक मोडेपर्यंत तासत बसला. माझ्याकडे बघितलं नाही.

कळलं. या धंद्यात गाणारणीला जा म्हणत नाहीत. कागद बदलतात.

चौदाच्या चौदा उतरवले. अक्षर चांगलं आलं.

१३ मार्च

सहा गाणी झाली. बोट दुखतंय. रडू येईल म्हणून थोडा वेळ थांबले. मग कोबी-बटाटे खाऊन घेतले.

१४ मार्च, डेटन

नवी मुलगी आली. एकोणीस वर्षांची. कागद बघून म्हणाली, "अय्या, किती सुरेख लिहिलंय! कुणी?" मीच म्हटलं, मी.

ओकली मला म्हणाला, "बसमध्ये तुझी जागा आहेच. कागद उतरवायला राहा." राहते म्हटलं.

आईला कसं कळवायचं? चार ओळी लिहिल्या, फाडल्या. उद्या शनिवार. रेडिओवर दुसरीच कुणी ऐकू येईल, तिचं तिला कळेल. बरंच झालं.

१५ मार्च

कार्यक्रम झाला. मी बाहेर बसमध्ये बसून होते.

१९ मार्च

आईचं पत्र. "यादविगा, शनिवारी तो रेडिओवाला 'नॅन डेल' म्हणाला आणि तू गायलीस, तर मी रडलेच गं. अगदी पहिल्यासारखा लागला आवाज. मधानंच गुण आला ना?"

हो, असं लिहिलं.