फिशटँकवाल्याला फोन करू नकोस

अगं,

टाकीतलं पाणी पुन्हा दुधासारखं गढूळ झालंय, पण त्या फिशटँकवाल्याला बोलवू नकोस. दर वेळी येऊन तो फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतो. त्यातले चांगले जिवाणू मरतात, चार दिवसांत पाणी बिघडतं आणि साहेब पुन्हा हजर! त्याला हे कळत नसेल? मी काही दुधखुळा नाही.

आज मी स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात खळबळून परत लावलाय. पाणी हळूहळू निवळेल. तोवर माशांना खाणं जरा कमीच घाल.

त्याच्या फालतू विनोदांवर पोट धरून हसतेस. माझ्या विनोदावर शेवटचं कधी हसलीस?

संध्याकाळी लवकर येतोय. काचेसमोर तुझ्या शेजारी तासभर उभं राहायला मलाही जमतं. एकदा बोलावून तर बघ.

— तुझा नवरा