शंभरातले चौऱ्याण्णव

४ जून १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिमीला तुझ्या कॉलेजात प्रवेश मिळतोय आणि इथल्या हॉस्पिटलच्या लॅबच्या कोर्सलाही. रक्त-लघवी तपासायची म्हटलं की बाईसाहेब नाक मुरडतात. शेजारचे मास्तर म्हणाले, त्या कॉलेजातून पास होणाऱ्यांचं पुढे काय होतं ते आधी विचारा. मी कॉलेजला पत्र टाकलं, तर ही माहिती बाहेर देत नाही असं उत्तर आलं. मला हसूच आलं. ती गोळा करणारा माझा सख्खा भाऊ! आता तूच खरं काय ते सांग, तू म्हणशील तिकडे मुलीला घालते.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भांडखोर बहीण

११ जून १९९८

चि. भांडखोर बाईस,
अनेक आशीर्वाद.

मास्तरांना माझ्याहून जास्त कळतं वाटतं? शंभरातले चौऱ्याण्णव नोकरीला लागतात. आकडा मी स्वतः काढतो. भाचीला बाटल्या हुंगायला लावू नकोस, इकडे पाठव. मामाचं घर तिचंच आहे.

लोभ आहेच, तो वाढव.
दादा

२० मे २००२

ती. आईस,
शि. सा. न.

पास होऊन सहा महिने रिकामी बसले, मग मामाने त्याच्याच ऑफिसात चिकटवलं. काम काय ते तुला सांगितलं नव्हतं. पास झालेल्यांना मी फोन करते. जो उचलत नाही, त्याला मोजायचंच नाही. जो नोकरी नाही म्हणतो, त्याला विचारायचं, या आठवड्यात कुणाच्या कामाला हात लावलास का? काल एकजण म्हणाला, अंथरुणातल्या वडिलांना अंघोळ घालतो. मामाने समोरून सांगितलं, लिही, रुग्णसेवा. झाला तो नोकरदार. आणि हे फोन करते म्हणून मीसुद्धा त्या चौऱ्याण्णवांतली.

आम्हालाही खोटं का सांगितलंस, विचारलं. हसला. म्हणाला, भाचीसाठी वेगळा आकडा ठेवतात होय?

आई, हात जोडते, छोटीला इकडे पाठवू नकोस. लॅबच्या कोर्सला घाल.
तुझी चिमी

२ जून २००२

चि. चिमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मान खाली गेली. ज्याच्या घरी जेवतेस त्याच्याबद्दल असं लिहवतं कसं? खरं-खोटं त्यालाच विचारावं म्हणून तुझं पत्र मी दादाकडे धाडलं. त्याचं उत्तर आलं. धाकटी पुढे जातेय म्हणून मोठीच्या पोटात दुखतंय, असं तो म्हणतो. मलाही तसंच वाटतं. कॉलेजच्या नव्या माहितीपुस्तकावर तुझाच फोटो आहे, फोन कानाला लावून काय छान हसतेयस! छोटीने तो भिंतीला लावलाय. तिचा प्रवेश काल घेतला. तुझी खाट तिला दे.

दादाने तुला कामावरून काढलंय, तेव्हा सामान बांधून घरी ये. लॅबच्या कोर्सचं तुझ्यासाठी विचारलं, पण तुझं वय उलटलंय म्हणे. दादाचा मात्र तुझ्यावर राग नाही हो. यंदाची मोजणी झाल्यावरच त्याने तुला काढलं, म्हणजे चौऱ्याण्णवांत तू आहेसच.

येताना मामाच्या पाया पड.
तुझी आई